महामार्गावरील पहिला तास आणि स्वयंसेवी रुग्णवाहिका पथके

अपघातग्रस्त रुग्ण आकस्मिक विभागात दाखल झाला की त्याच्यावरील उपचारांना आरंभ झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो आरंभ रस्त्यावर झालेला असतो, किंवा तेथे व्हायचा राहून गेलेला असतो. शल्यगृह कितीही सुसज्ज असले, तरी श्वासमार्गात रक्त साचून दहा मिनिटे गुदमरलेल्या रुग्णाचा मेंदू तेथे पूर्ववत करता येत नाही. म्हणूनच रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णालयाच्या भिंतींबाहेर चालणाऱ्या या कामाची माहिती देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व ४,४३,३६६ जखमी झाल्या. म्हणजे दररोज सरासरी ४६० माणसे घरी परतली नाहीत. यांपैकी बरेच जण कमावत्या वयाचे असतात, त्यामुळे एका अपघाताने एक संपूर्ण कुटुंब उन्मळून पडते. आकस्मिक विभागाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या मंडळींकडे पाहिले, की या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

कोकणातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचा विचार करू. पूर्वी १७ व आता ६६ हा क्रमांक धारण करणारा हा मार्ग रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट, पुढे हातखंब्याचे वळण, पावसाळ्यातील निसरडा रस्ता, गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या वाहनांची अखंड रांग आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेले चौपदरीकरण, या सर्वांची एकत्र गाठ येथे पडते. मेंदूवरील शस्त्रक्रियेसारखी सोय हवी असल्यास रुग्णाला बहुधा मुंबई, कोल्हापूर वा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. अशा ठिकाणी अपघात आणि शल्यचिकित्सक यांच्यामधले अंतर किलोमीटरांत न मोजता मिनिटांत मोजणे योग्य ठरते.

इजा झाल्यानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणण्याची प्रथा अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक डॉ. आर. अॅडम्स काउली यांच्या कार्यापासून रूढ झाली. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने या संज्ञेची व्याख्याच कायद्यात समाविष्ट केली आहे. साठावे मिनिट उलटताच आशा संपते, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. ज्याचा श्वासमार्ग बंद झाला आहे त्याच्यापाशी चार-पाच मिनिटेच असतात. ज्याच्या पोटात मंद रक्तस्राव होत आहे त्याच्यापाशी कदाचित दोन तास असतील. कोणापाशी किती अवधी आहे, हे घटनास्थळी ओळखता येणे, हाच पथकाच्या प्रशिक्षणाचा गाभा होय.

शासकीय सेवा असताना स्वयंसेवक कशासाठी?

हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीत विचारला जातो आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी '१०८' क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली व प्रत्येक गाडीवर डॉक्टर असण्याची व्यवस्था केली गेली. या सेवेने ग्रामीण भागाचे चित्र पालटले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तथापि २०११ च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी लोकसंख्या विचारात घेता एका गाडीच्या वाट्याला सुमारे १ लाख २० हजार माणसे येतात. त्या गाडीला प्रसूतीच्या मातेकडे जायचे असते, सर्पदंशाच्या रुग्णाकडे जायचे असते, हृदयविकाराच्या रुग्णाकडेही जायचे असते. ती निघाली व पोहोचली यांमधील वेळात घाटातल्या वळणावर कोण असते? वाडीतला गॅरेजवाला, टपरीवाला, शाळेचे शिक्षक, आंब्याच्या बागेत राखणीला असलेला तरुण. स्वयंसेवी पथक उभे राहते ते याच माणसांतून. नाणीजच्या संस्थानामार्फत महामार्गांवर चालविल्या जाणाऱ्या विनामूल्य रुग्णवाहिका वाचकांनी पाहिल्या असतील. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली परिसरातील तरुणांनीही या कामात स्वतःची ओळख निर्माण केली आहे.

घाटातील दुर्घटनांत गिर्यारोहकांचे साहाय्य तर अपरिहार्य असते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून प्रथम खाली उतरणाऱ्यांत स्थानिक ट्रेकर मंडळी होती. त्या बसमधील केवळ एक जण वाचला. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात ढोलताशा पथकाची बस दरीत गेली, तेव्हाही अंधारात जखमींना वर आणणाऱ्यांत स्थानिक गिर्यारोहक होते.

घटनास्थळी प्रत्यक्षात काय होते

पथक पोहोचताच जखमीकडे धावत जात नाही, याचे बघ्यांना नवल वाटते आणि क्वचित रागही येतो. प्रथम गाडी रस्त्यावर तिरपी उभी केली जाते, जेणेकरून मागून येणारे वाहन जखमींवर न येता गाडीला अडेल. काही अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवला जातो आणि एक जण विजेरी घेऊन वाहतूक थोपवितो. वायुवाहू टँकर उलटला असेल तर वाऱ्याची दिशा पाहून दूरच थांबायचे असते; तेथे मोबाइलसुद्धा काढायचा नाही. मदतीस गेलेला माणूस स्वतः जखमी झाला तर रुग्णांची संख्या एकाने वाढते व मदतनिसांची एकाने घटते, हे गणित प्रत्येक नव्या स्वयंसेवकाच्या मनावर बिंबवावे लागते.

त्यानंतर जखमींची वर्गवारी. जो मोठ्याने विव्हळत आहे त्याचा श्वास सुरू आहे. जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी पाहावे लागते. हे सांगायला सोपे, परंतु रडणाऱ्या बालकाला ओलांडून मुक्या पडलेल्या अनोळखी पुरुषाकडे जाणे फार कठीण असते. उसळत्या रक्तस्रावावर थेट दाब, हात वा पाय चिरडला असल्यास घट्ट पट्टा आणि तो बांधल्याची वेळ ठळक अक्षरांत लिहून ठेवणे, मग श्वासमार्ग. मानेस इजा असल्याचा संशय असेल तर डोके मागे न झुकविता खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलला जातो. दुचाकीस्वाराचे शिरस्त्राण श्वासाला अडथळा होत असेल तरच काढायचे, तेही दोघांनी मिळून. शरीरात घुसलेली सळई वा काच उपसायची नाही. ती आहे तशीच स्थिर बांधायची, कारण पुष्कळदा तिनेच फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरलेली असते.

रुग्णाला कुशीवर वळवायचे झाल्यास ओंडका फिरवावा तसे, डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून, चौघांनी एकाच्याच इशाऱ्यावर वळवायचे असते. कडक फळी ही उचलण्याचे साधन आहे. पूर्वी तिच्यावरच बांधून तासन्‌तास प्रवास घडविला जाई. त्याने पाठीवर दाबाच्या जखमा होतात असे दिसून आल्याने आता गाडीत आल्यावर शक्य तितक्या लवकर रुग्णाला मऊ स्ट्रेचरवर घेतले जाते. कमरेचे हाड मोडल्याचा संशय असेल तर एक साधी चादर घडी घालून मांड्यांच्या वरच्या उंचवट्यांभोवती आवळून बांधतात. या चादरीने आतला रक्तस्राव कमी होण्यास मदत होते. घरोघरी सापडणारी ही वस्तू वेळेला एखाद्या महागड्या उपकरणाइतकी मोलाची ठरते.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते, ती म्हणजे ऊब. कोकणात थंडी ती काय, असे वाटेल. परंतु आषाढातल्या पावसात भिजलेल्या, रक्त गमावलेल्या माणसाचे शरीर झपाट्याने थंड होते आणि थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही. म्हणून ओले कपडे कापून काढून कोरडे ब्लँकेट पांघरणे हा उपचारच आहे, नुसता दिलासा नव्हे.

बघ्यांच्या सदिच्छेतून होणारे अपायही येथे नोंदविले पाहिजेत. जखमीला पाणी पाजणे हा आपल्याकडील संस्कार. तहानलेल्याला नाही कसे म्हणावे? पण अर्धवट शुद्धीतील माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जाऊ शकते आणि पुढे भूल देताना उलटी होण्याचा धोका वाढतो. ओठ ओले करावेत, इतकेच. त्याचप्रमाणे जखमीला रिक्षात दुमडून बसविणे, किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून नेणे, यांमुळे हालती-बोलती माणसे कायमची पंगू होऊ शकतात. आग, पाणी वा पुन्हा धडक बसण्याचे भय नसेल तर पथक येईपर्यंत जखमीला हलवू नये. त्याच्या डोक्याशी बसून मान स्थिर धरणे व त्याच्याशी बोलत राहणे, एवढे कोणालाही करता येईल.

जवळच्या दवाखान्यात का नेले नाही?

नातेवाईक हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारतात, अनेकदा संतापाने. उत्तर असे, की जवळचे ठिकाण हे नेहमी योग्य ठिकाण नसते. जेथे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि सीटी स्कॅन यांपैकी काहीच नाही, तेथे डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णास नेल्यास अर्धा तास जातो आणि हाती केवळ पुढे नेण्याची चिठ्ठी येते. उलटपक्षी श्वास अडलेला वा रक्तस्राव न थांबणारा रुग्ण असेल, तर वाटेतल्या लहान रुग्णालयात थांबून श्वासनलिकेत नळी घालून घेणे हितावह ठरते. हा निर्णय पथकप्रमुख दूरध्वनीवरून आमच्या आकस्मिक विभागातील डॉक्टरांशी बोलून घेतो. त्याची वेळ आणि कारण नोंदवहीत लिहिले जाते. ती नोंद नातेवाइकांना मागणी करताच पाहता आली पाहिजे, असे आमचे मत आहे.

रुग्णालयात पोहोचल्यावर पथक तोंडी अहवाल देते: अपघात केव्हा व कसा झाला, इजा कोठे आहेत, नाडी व श्वास किती होते, शुद्ध कशी होती, काय उपचार केले. तीस-चाळीस सेकंदांचा हा अहवाल सर्वांनी हात थांबवून ऐकायचा, असा दंडक आहे. यातील वेळेच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे. रक्तस्राव रोखण्यास साहाय्य करणारे ट्रॅनेक्सामिक आम्ल हे स्वस्त औषध इजेनंतर पहिल्या तीन तासांतच उपकारक ठरते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतील २० हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून व त्याच्या पुढील विश्लेषणातून सिद्ध झाले आहे. अपघात नक्की केव्हा घडला, हे ठाऊक नसेल तर डॉक्टर हे औषध देण्याचा निर्णय अंधारात घेतात.

दुसरी वही असते ती चीजवस्तूंची. मंगळसूत्र, घड्याळ, पाकीट, मोबाइल, जे काही सापडले ते दोन साक्षीदारांसमोर मोजून, सही घेऊन, रुग्णालयाच्या ताब्यात दिले जाते. बेशुद्ध माणसाच्या अंगावरून एक अंगठी गहाळ झाल्याचा आरोप आला, तर वर्षानुवर्षांची विश्वासार्हता एका दिवसात लयाला जाते. अनोळखी रुग्णाची ओळखही बहुधा या वहीतूनच पटते. म्हणून प्रवासाला निघताना खिशात नाव, रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. बंद पडलेला वा कुलूप लावलेला मोबाइल आम्हांला काहीच सांगत नाही.

पोलीस, कायदा आणि खर्च

मदत केली तर चौकशीचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती लोकांच्या मनातून अजून पुरती गेलेली नाही. ती निराधार होती असेही म्हणता येणार नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले, की जखमीचे प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येणार नाहीत. मदत करणाऱ्या सामान्य नागरिकाला संरक्षण मिळण्यास मात्र २०१६ साल उजाडावे लागले; ३० मार्च रोजी न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, रुग्णालयाने त्याला अडवून ठेवायचे नाही वा त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत. त्याच दुरुस्तीनुसार रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

खर्चाविषयी नातेवाइकांना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी आकस्मिक रुग्णास तात्काळ दाखल करून, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत, अनामत रक्कम न मागता जीवरक्षक उपचार द्यावयाचे आहेत. तसेच मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेखाली अपघातग्रस्तास नामनिर्देशित रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे. तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत रुग्णाला घरी किंवा रस्त्यावर ठेवण्याचे काहीही कारण नाही.

आता देणगीदारांशी थोडे स्पष्ट बोलायला हवे. रुग्णवाहिका देण्यास दाते सहज पुढे येतात. गाडीवर वडिलांचे नाव रंगविले जाते, नारळ फुटतो, छायाचित्र निघते. त्यात गैर काही नाही. आपल्या प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या गाड्या अशाच आल्या आहेत. परंतु टायर, विमा, डिझेल, हातमोजे आणि प्राणवायू यांवर कोणाचे नाव रंगविता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी देणगी येत नाही. एक उदाहरण पुरेसे आहे. 'बी' प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटर या दराने तो अडीच तास पुरतो. पोलादपूरहून मुंबई गाठण्यास एरवीच चार तासांच्या आसपास लागतात, गणपतीच्या गर्दीत त्याहून बरेच अधिक. म्हणजे गाडीत दोन भरलेली सिलिंडरे आणि वाटेत तिसरे बदलून घेण्याची सोय असल्याखेरीज तो प्रवास सुरू करणेच धोक्याचे. नवी गाडी घेण्यापेक्षा असलेल्या गाड्या वर्षभर सज्ज ठेवणे अधिक आवश्यक आहे, असे आमचे मत आहे आणि विश्वस्तांनी पुढील अंदाजपत्रकात त्याचा विचार करावा, ही विनंती.

स्वयंसेवकांवरील खर्चही असाच नजरेआड राहतो. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स वा रेड क्रॉसचा प्रथमोपचार वर्ग ही सुरुवात झाली. ते ज्ञान वापराविना गंजते, म्हणून ठरावीक काळाने उजळणी घ्यावी लागते. अंधारात, पावसात, उलटलेल्या जीपखाली शिरून. प्रत्येकास कावीळ-ब लसीच्या तीन मात्रा देणे ही चैन नसून गरज आहे, कारण फुटक्या काचेवरचे रक्त कोणाचे, हे ठाऊक नसते.

याहून अवघड भाग मनाचा आहे. महानगरातील रुग्णवाहिकेवर काम करणारा माणूस सहसा अनोळखी व्यक्तीला उचलतो. आपल्याकडे रात्री दोन वाजता विजेरीच्या झोतात दिसणारा चेहरा शेजारच्या वाडीतला, कधी वर्गमित्राचा, कधी भाचीचा असू शकतो. गावात यावर बोलण्याची रीत नाही. दोन दिवस गप्प राहायचे आणि पुन्हा कामाला लागायचे, हीच रीत. काही चांगली मुले अशाने काम सोडून जातात आणि कारण विचारल्यास शेतीची सबब सांगतात. मोठ्या अपघातानंतर सर्व पथकाने एकत्र बसावे, चहा घ्यावा, जे घडले ते क्रमाने सांगावे आणि आवश्यकता भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांची भेट घडवावी, अशी पद्धत आता सुरू केली आहे. पहिल्या एक-दोन बैठकांत कोणीच बोलत नाही. पुढे बोलू लागतात.

आणखी एक छोटी गोष्ट त्यांच्याच मागणीवरून मान्य केली. रुग्ण सोपवून परत गेलेल्या पथकाला त्याचे पुढे काय झाले, हे पूर्वी कधीच कळत नसे. आता रुग्णाचे खाजगीपण राखून एवढाच निरोप दिला जातो: वाचला, पुढे हलविला, किंवा गेला. हे काम आकस्मिक विभागातील परिचारिकांकडे आहे आणि पाळी संपण्यापूर्वी तो दूरध्वनी केल्याची नोंद त्या वहीत करतात.